घरटी एक ढोर कमी

शून्यावर संपणारा आकडा दिसला की काकांचं डोकं फिरायचं. जनावरांच्या मोजणीचा कागद त्यांच्या टेबलावर आला आणि त्यात एखाद्या गावापुढे ‘गायी : साठ’ असं लिहिलेलं असलं, की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद दोन बोटांत धरून लांब करायचे आणि आणणाऱ्याला विचारायचे, “साठ? बरोब्बर साठ? एकही मेली नाही, एकही बाजारात गेली नाही? का चहाच्या टपरीवर बसून लिवलं?” समोरचा बहुतेक वेळा टपरीवर बसूनच लिहून आलेला असायचा. तो निमूटपणे कागद घेऊन जायचा आणि दोन दिवसांनी त्रेसष्ट लिहून आणायचा. “आता मोजले,” असं म्हणून काका समाधानाने सही करायचे. तो त्रेसष्टही त्याच टपरीवरचा असायचा, हे त्यांना सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणी केली नाही.

हा राग फक्त कागदापुरता नव्हता. साहेबांनी दहा मिनिटांत या म्हटलं, की “अकरा लागतील जी” असं उत्तर जायचं. तुमचं घर किती लांब, असं कुणी विचारलं तर “साडेअकरा किलोमीटर अन् दोन खड्डे.” घर म्हणजे नागपूरच्या कडेला बेसाला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. ढोरांमध्ये जन्म गेलेला हा माणूस लिफ्टमध्ये मात्र कधी चढला नाही. बंद पेटीत जनावर घाबरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तेव्हा नागपूरच्या एका पशुसंवर्धन कार्यालयात कंत्राटावर नुकतीच लागले होते. संख्याशास्त्राची पदवी, नवाकोरा लॅपटॉप आणि आपल्याला सगळं कळतं असा समज, एवढं सामान घेऊन मी आले होते. काका तिथले पशुधन पर्यवेक्षक. गावोगाव फिरून लस टोचायची, आजारी ढोर पाहायचं आणि पशुगणना आली की गोठ्यागोठ्यांतून मोजणी करायची, हे त्यांचं काम. गावात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. “मी डॉक्टर नाही बाप्पा, मी सुई टोचणारा,” असं ते दर वेळी सांगत आणि डॉक्टर म्हणून हाक आली की ओ देत.

माझं काम होतं रोगाचा अंदाज बांधायचं. कुठल्या गावात किती ढोरं, गावं एकमेकांपासून किती लांब, गुरांचा बाजार कुठे, हे सगळं संगणकात घालायचं. मग लम्पीसारखा रोग एका गावात शिरला तर पुढे कुठे जाईल आणि कुठे जास्त भडकेल, ते तो सांगायचा. ढोरं जास्त तिथे धोका जास्त, म्हणून लस आधी तिथे. धोक्याच्या गावांवर नकाशात लाल गोल उमटायचे. काका या सगळ्याला ‘कुंकू’ म्हणायचे. सकाळी आले, डोक्याचा दुपट्टा सोडला की पहिला प्रश्न ठरलेला, “काय वं बाई, आज कोणाले कुंकू लावून राहिली?”

पण माझ्या कुंकवाला आधार होता तो त्यांच्याच मोजणीचा. आणि त्यांची मोजणी हा बघण्यासारखा प्रकार होता.

एकदा सावनेरकडच्या एका गावाला मी त्यांच्याबरोबर गेले. उत्साहाच्या भरात पहिल्याच घरी विचारलं, “किती जनावरं आहेत तुमच्याकडे?” घरधन्याने पाठ फिरवली. त्याची बायको आत निघून गेली. काकांनी मला बाहेर ओढलं. “अवं, तुले कोणी भर रस्त्यात विचारलं का तुझ्या घरी लेकरं किती अन् दागिने किती, तं सांगशील काय? नजर लागते म्हणतात. किती, हा शब्दच काढाचा नाही.”

पुढच्या घरी ते स्वतः विचारते झाले. आधी खुंट्यांवर नजर फिरवली. चाऱ्याला कुटाराचे किती टोपले लागतात, याची घरच्या बाईकडे चौकशी केली. मग समोरच्या गायीकडे पाहून तोंड वाकडं केलं. “माय, ही तं पार वाळली. दाणा देत नाही काय?” बाई जी उसळली! “ही आताच व्याली म्हणून तशी दिसते. तिची बहीण पाहा. अन् मागची कालवड पाहा. अन् माझे दोन बैल वावरातून आले का पाहून जा!” तावातावाने तिने एकेक ढोर आणून दाखवलं. काका मान डोलवत होते आणि पाठीमागे धरलेल्या वहीत न बघता रेघा ओढत होते. निघताना “ढोरं नंबर एक ठेवले,” अशी पावतीही देऊन आले. पदवीनंतर सहा महिने मी पुण्याला रोगाचे अंदाज बांधायला जे शिकले होते, त्यात ढोराची निंदा करून आकडा काढायची ही पद्धत कुठेच नव्हती.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. आमच्या ऑफिसच्या शिपायाला ते ‘बांड्या म्हशीवाला’ म्हणायचे, कारण त्याच्या सासऱ्याकडे तशी म्हैस होती. माझ्याकडे काहीच नाही म्हणून त्यांची अडचण झाली. “एक कुत्रा आहे,” मी म्हटलं. “कुत्रं का ढोर होय?” म्हणून त्यांनी मला बाईवरच ठेवलं. लशीच्या थंड पेटीला मात्र कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मे महिन्यात ऑफिसचा कूलर बंद पडला आणि साहेबांनी सरबतासाठी पेटीतला बर्फ मागवला, तेव्हा काकांनी निरोप पाठवला होता, “बर्फ लशीचा आहे. साहेबाले लस पाहिजे असन तं येऊन जा.”

तर अशा माणसाचा आकडा कधी चुकत नाही, अशी सगळ्या ऑफिसची खात्री होती. खुद्द काकांची तर होतीच. इतरांच्या गावांचे आकडे मी तपासून घ्यायची, त्यांचे तसेच्या तसे भरायची.

मग लम्पी आला. कळमेश्वरच्या पुढे एका गावात ढोरांच्या अंगावर गाठी उठल्या, दोन-तीन दिवसांत शेजारच्या गावातूनही फोन आला. लस येत होती, पण पहिल्या खेपेला सगळ्यांना पुरेल एवढी नव्हती. कोणत्या गावाला आधी, कोणत्याला मागून, हे ठरवायची जबाबदारी माझ्या संगणकावर आली. मी रात्रंदिवस त्याच्याशी झगडून यादी काढली, साहेबांनी मान हलवली आणि शिपायाने ती भिंतीवर चिकटवली. मला भलताच अभिमान वाटला होता.

काका यादीसमोर येऊन उभे राहिले. वरून खाली वाचत गेले आणि अगदी शेवटच्या ओळीवर थांबले. तिथे होतं एक टेकाडावरचं लहान गाव. त्याचं नाव सांगत नाही, वरचं गाव म्हणू या.

“हे इतकं खाली काहून?”

“ढोरंच किती कमी आहेत काका तिथं. रोग गेला तरी भडकायचा नाही. तुमचेच तर आकडे आहेत.”

काका फिरून आपल्या टेबलाकडे गेले. दुपारी डबा उघडला, तसाच बंद केला. चार वाजता कुणाला न सांगता घरी गेले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं, असं शिपाई सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी ते माझ्या खुर्चीसमोर बसलेले होते. “दार लाव,” म्हणाले. मग म्हणाले, “वरच्या गावचा आकडा खोटा आहे. माहा आहे, अन् खोटा आहे.”

गोष्ट अशी होती. वरच्या गावाची एक रीत आहे. प्रत्येक घर आपल्यातलं एक ढोर देवाच्या नावाने ठेवतं. कुणाची गाय, कुणाची कालवड. ते विकायचं नाही, त्याच्या नाकाकानाला भोक पाडायचं नाही आणि कुणी मोजायला आलं तर ते मोजात धरायचं नाही. ते आपलं नाहीच, मग आपल्या मोजात कसं येईल? काका नोकरीला नवीन होते तेव्हा पहिल्या गणनेला ते या गावात गेले. एका घरी त्यांनी देवाची गाय वहीत टिपली. घरच्या बाईने हात जोडून ती रेघ खोडायला लावली आणि त्यांच्याकडून शब्द घेतला, की देवाचं ढोर कधी कागदावर आणणार नाही. तरण्या माणसाने तो दिला आणि मग दर गणनेला पाळला.

“पण घरटी एकच ना?” मी म्हटलं. “एवढ्याने काय होतंय?” आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की काय होतं. ज्या गावात एकेकाच्या दावणीला वीस-पंचवीस ढोरं, तिथे घरटी एक गळलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. वरच्या गावात मात्र कुणाकडे दोन, कुणाकडे तीन. कुणाकडे एकच, आणि तेही देवाचं. त्या घराचा गोठा माझ्या संगणकात रिकामाच होता. कागदावर गाव जवळजवळ निम्मं झालं होतं, आणि मी त्याला सुरक्षित ठरवून लशीच्या रांगेत शेवटी उभं केलं होतं. तिथे रोग आला असता तर लस पोहोचेपर्यंत गावातले गोठे रिकामे झाले असते.

“खरा आकडा सांगा, मी आत्ता बदलते. कुणाला कळणार नाही.”

“आकडा नाही सांगत. शब्द आहे माहा. चूक आहे, एवढं सांगतो.”

“अहो काका, चूक आहे म्हणून काय घालू मी त्याच्यात?”

“थे तुझं शिक्षण,” असं म्हणून ते उठले आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागे धावले.

“साहेब, वरच्या गावचा आकडा चूक आहे जी.”

“कुणी लिहिला?”

“म्याच.”

“किती चूक आहे?”

“थे सांगता येत नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पाहून मीच पुढे झाले. गावातली घरं तर माहीत होती. घरटी एक ढोर वाढवून मी तिथेच, उभ्या उभ्या, लॅपटॉपवर हिशेब पुन्हा चालवला. शेवटच्या ओळीवरचं गाव उडी मारून वरून दुसरं झालं; गाठी उठलेल्या गावाला ते लागूनच होतं, फक्त ढोरं कमी म्हणून खाली राहिलं होतं. साहेबांनी पडदा स्वतःकडे वळवून दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. यादी बदलली. पण ते चोख माणूस होते. संध्याकाळी काकांच्या नावाने कारणे दाखवा नोटीसही निघाली. निवृत्तीला चार महिने उरले होते. काकांनी खाली दोन शब्दांत उत्तर लिहिलं, ‘आरोप मान्य’, आणि मला विचारलं, “शुद्धलेखन बरोबर आहे न?”

वरच्या गावाला लस घेऊन आम्ही दोघं गेलो. गावाबाहेर सकाळी ढोरं जमतात त्या आखरावर सगळ्यांनी आपापली ढोरं आणून उभी केली. म्हणजे मोजातली. देवाची घरी गोठ्यातच होती, तिकडे त्याला कोठा म्हणतात. काका एकेकाला सुई टोचत होते, कानात पिवळा बिल्ला मारत होते आणि मी मोबाईलमध्ये नोंद करत होते. ते संपल्यावर काकांनी पेटी उचलली आणि एका घरी गेले. ज्या बाईला त्यांनी शब्द दिला होता, तिचं ते घर. ती आता चांगली म्हातारी झाली होती.

“माय, कोठ्यातलीले सुई टोचाची आहे. लिवत नाही, काळजी नको.”

मी हळूच त्यांना म्हटलं, “बिल्ला नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर एवढे डोस गेले कुठे म्हणून विचारतील. एक नोटीस आधीच आहे तुमच्यावर.”

म्हातारीचे कान तिखट होते. “कायची नोटीस?”

“काही नाही माय,” काका म्हणाले.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं: आकडा कमी लिहिल्याने गाव कसं मागे पडलं, यांनी साहेबासमोर कसं कबूल केलं, आणि अजूनही हा माणूस तिचा आकडा तोंडातून काढत नाही. काका माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी खाटकाला गाय विकली.

म्हातारी आत गेली. पांढरीशुभ्र गाय घेऊन आली. तिच्या गळ्यात दावंसुद्धा नव्हतं, नुसती मागे मागे आली.

“मारा बिल्ला.”

“माय, माहा शब्द आहे.”

“शब्द कोणाले देल्ला होता? मले न? मंग मीच वापस घेतो. देवाचं मी पाहून घेतो, सरकारचं तुम्ही पाहा.”

काकांनी पकड हातात घेतली. सव्वीस वर्षांत किती कान टोचले असतील, पण त्या दिवशी ते पकड तशीच धरून उभे राहिले. म्हातारीनेच गायीचा कान धरला. गायीने मान झटकली आणि झालं. काकांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. घाम आला म्हणाले.

मग माझी पंचाईत सुरू झाली. मोबाईल विचारत होता, मालकाचं नाव.

“आजी, कुणाचं नाव लिहू? तुमचं?”

“माझी कायले? देवाची आहे.”

“देवाचं नाव चालत नाही. मोबाईल नंबर लागतो, पत्ता लागतो. नंबरावर ओटीपी येतो, तो आपण सांगायचा, तेव्हाच नोंद होते.”

म्हातारीने थोडा विचार केला आणि काकांकडे बोट केलं. “याहिच्याजवळ आहे न फोन. टाका याहिचाच. इतके वर्षं देवाचं ढोर यानंच राखलं.”

ही तोड सगळ्या गावाला पटली. कानाला भोक पडलं तरी ढोर देवाचंच राहतं, आपल्या नावावर येत नाही. घरोघरीच्या कोठ्यांतून देवाची ढोरं बाहेर आली. ती सगळी, एकजात, काकांच्या नावावर, काकांच्या नंबरावर, बेसाच्या पत्त्यावर चढली. दर दोन मिनिटांनी त्यांच्या खिशात फोन वाजायचा, ते तो हातभर लांब धरून आकडे वाचायचे. संध्याकाळपर्यंत घसा बसला. एक नंबर शून्यावर संपला, तेव्हाही कुरकुर न करता वाचला.

लम्पी वरच्या गावात पुढे आलाच. काही ढोरांच्या अंगावर गाठी उठल्या, दोन वासरं गेली. म्हातारीची गाय आठ दिवस चाऱ्याला तोंड लावेना. काका रोज ऑफिसच्या आधी स्कूटरवरून तिकडे जाऊन यायचे. ती उठली. गाव वाचलं. शेवटच्या ओळीवर राहिलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेबही संगणक करून देतो. मी तो एकदा केला आणि पुसून टाकला.

नंतर कधीतरी नवा नकाशा काढला, तर बेसावर हा एवढा मोठा लाल गोल. तिसऱ्या मजल्यावर आख्खा कळप! मी काकांना बोलावून दाखवलं. ते खुर्चीत बसून पोट धरून हसले. “सोसायटीवाले वरच्या मजल्यावर कुंडी ठेवू देत नाहीत वं!” तेव्हापासून हिशेब चालवायच्या आधी बेसाची ढोरं मी हाताने वरच्या गावी नेऊन ठेवते.

काका निवृत्त झाले. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. लशीच्या दर फेरीला वरच्या गावातून नवा पर्यवेक्षक त्यांना फोन लावायचा आणि ते घरबसल्या ओटीपी सांगायचे. घरबसल्या म्हणजे पहिल्या वेळी. पुढच्या फेऱ्यांना ते स्वतःच तिकडे जाऊन बसायला लागले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच. मी काकूंना भेटायला गेले. काकू उभा जन्म त्या ढोरांवर चिडलेल्या. लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा हा माणूस कुणाच्या तरी अडलेल्या म्हशीकडे असायचा. पुढच्या महिन्यात लशीची फेरी होती. मी भीतभीत विषय काढला. “काकू, त्या गायींसाठी काकांच्या फोनवर नंबर येतील. तुम्हाला उगाच त्रास. मी सगळ्या माझ्या नंबरावर करून घेते.”

काकूंनी काकांचा फोन चार्जिंगवरून काढून आणला आणि पदराने पुसला.

“काहून? गायी त्याहिच्या आहेत न?” त्या म्हणाल्या. “मंग त्याहिच्याच घरी राहू दे. नंबर कसा वाचाचा, तेवढं मले शिकवून दे.”